तबकडीच्या यंत्राचे पाय

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें कीं, ज्याच्या माडीवरील खोलींत लांकडी फळ्यांची जमीन आहे, खिडकीखालीं एक जुनें कपाट आहे, आणि त्या कपाटावर ध्वनिमुद्रिका वाजविण्याचें यंत्र, ज्यास आतां सर्वत्र टर्नटेबल म्हणतात तें, ठेविलेलें आहे. सायंकाळीं घरांतील आजोबा एक जुनी तबकडी लावून बसतात. विलंबित ख्याल नुकता कोठें रंगूं लागलेला असतो. इतक्यांत सात-आठ वर्षांची नात धांवत खोलींत येते. फळ्या हादरतात, सुई उडते, आणि गाणें चार आवर्तनें ओलांडून भलत्याच ठिकाणीं जाऊन पडतें. "अग, हळू चाल! किती वेळां सांगावें?" असें आजोबा ओरडतात. मुलगी हिरमुसून परत फिरते. आणि हें चार-सहा वेळां घडलें म्हणजे ती त्या खोलींत येईनाशी होते. गाणें घरांत राहतें, परंतु तें ऐकणारें एक माणूस कमी होतें.

येथें नुकसान दुहेरी आहे. एक मुलीचें, दुसरें तबकडीचें. दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीवरील खांच सुमारें एक विसांश मिलिमीटर रुंदीची, म्हणजे माणसाच्या केसाहून बारीक असते, आणि तिच्या भिंतींवर कोरलेल्या स्वरांच्या अतिसूक्ष्म खुणा मिलिमीटरच्या एक सहस्रांशाहूनही लहान असतात. हिऱ्याची सुई तेथून उडून पुन्हां आदळली, कीं त्या भिंतीवर ओरखडा उमटतो. फाटलें वस्त्र शिवतां येतें, फुटलें भांडें जोडतां येतें. परंतु तबकडीची ओरखडलेली खांच कोणत्याही कारागिराला पूर्ववत् करून देतां येत नाहीं. ज्या गायकाचा देह गेला आणि ज्या मुद्रिकेची दुसरी प्रत मिळत नाहीं, तिच्या बाबतींत ही हानि कायमची होय. म्हणूनच यंत्राचे पाय हा वरवर क्षुल्लक दिसणारा विषय विचार करण्याजोगा ठरतो.

हा प्रश्न आमच्या आजा-पणजांच्या ग्रामोफोनाला इतका कां भेडसावत नसे, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. चावीच्या ग्रामोफोनांत पोलादी सुईवर ध्वनिपेटीचा शंभर ग्रॅमहून अधिक भार असे. आजच्या सुईवर तो बहुधा दीड ते तीन ग्रॅम एवढाच असतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडींत स्वर हे खांचेच्या आडव्या वळणांतच कोरलेले असत. परंतु १९५८ सालीं दुहेरी ध्वनीच्या, म्हणजे स्टिरिओ तबकड्या बाजारांत आल्या, आणि त्यांत सुईची उभी हालचालही स्वरच मानली जाऊं लागली. जमिनीचा हादरा हा मुख्यतः खालींवर होणारा असल्यामुळें त्यालाही ऐकूं येण्याची वाट मोकळी झाली. शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम लहान करून कोरतात, आणि वाजवितांना ते पुन्हां मोठे करून घेतात. १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें, सेकंदास वीस कंपनांचा आवाज हा एक हजार कंपनांच्या आवाजाच्या मानानें सुमारें नऊपट वाढविला जातो. जमिनीची थरथर नेमकी ह्याच खालच्या पट्टींत असते. तेव्हां तीही नऊपट होऊनच बाहेर पडते.

पाय बदलण्यापूर्वीं शत्रु कोण तें ओळखलें पाहिजे. नाहीं तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशी गत व्हावयाची. शत्रु तीन. पहिला जमिनीचा: माणसांचीं पावलें, मिटणारीं दारें, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी. दुसरा लाऊडस्पीकरचा: त्याचा आवाज हवेंतून आणि फळीवाटे यंत्रापर्यंत पोंचतो, सुईला हलवितो, तें हलणें पुन्हां आवाज होऊन बाहेर पडतें, आणि असें चक्र वाढत गेलें कीं खर्जांत घुमणारा एक हुंकार सुरू होतो. तिसरा शत्रु यंत्राच्या पोटांतलाच, म्हणजे त्याची मोटर. पाय हे पहिल्या दोघांचा बंदोबस्त कमीअधिक करूं शकतात. तिसऱ्यापुढें त्यांचें फारसें चालत नाहीं.

ओळखण्याची रीत अशी. यंत्र बंद ठेवून, न फिरणाऱ्या एखाद्या टाकाऊ तबकडीवर सुई अलगद टेकवावी आणि आवाज हळूहळू वाढवावा. हात मात्र आवाजाच्या बटणावरून काढूं नये, कारण हुंकार एकाएकीं वाढला तर स्पीकरला इजा होते. कांहीं पातळीपर्यंत शांतता राहून पुढें घुमणें सुरू झालें, तर दोष स्पीकरच्या वाटेचा. नंतर आवाज मध्यम ठेवून एकाला खोलींत चालावयास सांगावें. पावलागणिक ठोका ऐकूं आला, किंवा स्पीकरचा मोठा पडदा आंतबाहेर डोलूं लागला, तर दोष जमिनीचा. ज्या फळीवर यंत्र आहे तिच्यावर बोटानें टिचकी मारून पाहिली असतां तिचा आवाज किती मोठा येतो, हेंही ध्यानांत ठेवावें. पाय बदलल्यानंतर हीच परीक्षा, आवाजाच्या बटणाची खूण तीच ठेवून, पुन्हां घ्यावयाची आहे. पैसे खर्च केल्यावर कान पक्षपाती होतात. टिचकी पक्षपात करीत नाहीं.

आतां ह्या सर्वांच्या मुळाशीं असलेलें तत्त्व. तें समजण्यासाठीं एक लांब रबरी फीत आणि अडकवावयास एक कुलूप पुरे. फितीला कुलूप टांगून हात अगदीं सावकाश खालींवर केला, तर कुलूप हाताबरोबरच खालींवर होतें. हात भराभर थरथरविला, तर कुलूप जागच्या जागीं जवळजवळ स्थिर राहतें. परंतु ह्या दोहोंच्या मधला एक वेग असा असतो, कीं हात थोडासाच हलला तरी कुलूप उड्या मारूं लागतें. तो वेग म्हणजे त्या जोडीची स्वतःची स्वाभाविक कंपनसंख्या. झोंपाळ्याला त्याच्याच तालावर झोका दिला म्हणजे तो उंच चढतो, तसेंच हें. यंत्र हें कुलूप, पाय ही फीत, आणि जमीन हा हात होय. स्वाभाविक कंपनसंख्येच्या सुमारें १.४ पटीच्या वर जीं कंपनें असतील, तीं पाय अडवितात. त्याखालचीं तशीच वर जातात, आणि त्या संख्येच्या आसपासचीं तर वाढून वर जातात.

ही संख्या काढण्यास मोठें गणित लागत नाहीं. यंत्राच्या भारानें पाय किती दबतो एवढें मोजलें कीं झालें. एक मिलिमीटर दबला, तर स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदास सुमारें सोळा. चार मिलिमीटर दबला, तर आठ. दहा मिलिमीटर दबला, तर पांच. पंचवीस मिलिमीटर दबला, तर तीन. म्हणजे दबणें चौपट व्हावें तेव्हां संख्या निम्मी होते. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. सुई, कार्ट्रिज आणि त्यांचा दांडा ह्यांचीही स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि ती चांगल्या जुळणींत सेकंदास आठ ते बाराच्या दरम्यान असते. पाय एवढे ताठर असले कीं ते मिलिमीटरभरच दबतात, तर सेकंदास दहा कंपनांचा हादरा ते अडविणार तर नाहींतच, उलट दीडपटीहून अधिक करून वर पाठवितील. तेच पाय दहा मिलिमीटर दबणारे असले, तर तोच हादरा एक तृतीयांशावर येईल, आणि वीस कंपनांचा हादरा एक पंधरांशावर. रबराच्या बाबतींत हिशेब थोडा आणखी प्रतिकूल असतो. कारण स्थिर भाराखालीं रबर जेवढा मऊ दिसतो, त्याहून जलद कंपनांना तो अधिक ताठर लागतो.

बाजारांत मिळणाऱ्या पायांचे गुणदोष ह्या कसोटीवर सहज पारखतां येतात. टोंकदार धातूचे पाय दिसावयास देखणे असतात. परंतु ते कंपन अडवीत नाहींत, तर यंत्र आणि फळी ह्यांना घट्ट जोडतात. डगमगणारें टेबल जमिनीवर पक्कें रोंवावयास ते उपयोगी. हादऱ्यापासून संरक्षण म्हणून ते घेणें हा गैरसमज होय. साधा रबरी पाय उंच पट्टीच्या बारीक थरथरीला आवरतो, खालच्या पट्टींत त्याचें बळ संपतें. सॉर्बोथेन नांवाचा जो अतिमऊ पदार्थ आहे, तो कंपनाची शक्ति स्वतःच्या अंगांत जिरवितो. मात्र तो ठराविक भाराखालीं योग्य प्रमाणांत दबला तरच काम करतो. हलक्या यंत्राखालीं जाड तुकडा ठेविला तर तो नुसता ठोकळा. शिवाय लांकडाच्या पॉलिशवर त्याचा डाग पडतो, म्हणून मध्यें कांचेची चकती घालावी. स्क्वॉशचे चेंडू लांकडी कड्यांत बसवून त्यांवर यंत्र ठेवण्याची युक्ति स्वस्त आणि बरीच गुणकारी आहे. चेंडू कालांतरानें चपटे होतात, तेव्हां बदलावे. लहान मुलांच्या सायकलची ट्यूब किंचित् फुगवून दोन फळ्यांमध्यें ठेविली, तर हवेची मऊ गादी तयार होते. परंतु हवा हळूहळू जाते आणि यंत्र एका बाजूस कलतें, ह्याकडे लक्ष ठेवावें लागतें. स्प्रिंगचे पाय सर्वांत खालच्या पट्टीपर्यंत संरक्षण देतात. पण स्प्रिंग डोलूं लागली कीं लवकर थांबत नाहीं, म्हणून तिच्याबरोबर थोडें नमद्याचें किंवा फोमचें दमन असावें.

यंत्राखालीं कडाप्प्याची फरशी घालण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. नुसती फरशी कंपन अडवीत नाहीं. परंतु मऊ पायांवर फरशी आणि फरशीवर यंत्र अशी रचना केली, तर हलावयाचें वजन वाढतें आणि स्वाभाविक कंपनसंख्या खालीं येते. मात्र तेवढा भार पेलणारे पाय पाहिजेत. फरशीवर नाणें वाजवून पाहावें; ती घणघणत असेल, तर यंत्र आणि ती ह्यांमध्यें नमद्याचा पातळ तुकडा घालावा.

परंतु एकाच औषधानें सर्व रोगी बरे होत नाहींत, आणि सर्व यंत्रांची प्रकृति एक नाहीं. जपानांतील मात्सुशिता कंपनीनें टेक्निक्स ह्या नांवानें १९७२ सालीं एसएल-१२०० हें यंत्र काढलें. त्याची दुसरी आवृत्ति १९७९ सालीं आली. २०१० मध्यें त्याचें उत्पादन थांबलें आणि २०१६ मध्यें नव्या रूपांत पुन्हां सुरू झालें. नाचगृहांच्या दणदणाटांत टिकून राहिल्यामुळें तें जगभर पसरलें. त्याचें अंग जड आहे, दुसऱ्या आवृत्तीचें वजन साडेबारा किलोग्रॅमच्या आसपास भरतें, आणि अंगांत वेगळी स्प्रिंग नसल्यामुळें त्याचें बहुतेक संरक्षण त्याच्या चार जाड पायांवरच अवलंबून आहे. हे पाय आट्यांवर फिरवून उंचीही कमीअधिक करतां येते. अशा यंत्राचे रबर चाळीस वर्षांनीं कडक झालें असेल, तर पाय बदलण्याचा लाभ ऐकूं येतो.

ह्याच्या उलट एडगर विल्चर ह्यांनीं १९६१ सालीं अमेरिकेंत अकॉस्टिक रिसर्च कंपनीसाठीं जें यंत्र तयार केलें, त्यांत फिरतें तबक आणि सुईचा दांडा हीं दोन्हीं एकाच आंतल्या चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगती ठेविली होती. १९६५ चें थोरेन्स टीडी-१५० आणि पुढें स्कॉटलंडमधील लिन सोंडेक हीं ह्याच कुळांतलीं. ह्या यंत्रांच्या पोटांत संरक्षणाची सोय अगोदरच केलेली असते. त्यांच्या पायांखालीं पुन्हां मऊ स्प्रिंगा घालणें म्हणजे झोंपाळ्यावर झोंपाळा टांगण्यासारखें होय. दोन्हीं एकमेकांना चिथावितात. अशा यंत्राला हलकें पण ताठ टेबल आणि साधे पायच मानवतात. तिसरें कूळ १९५४ च्या गॅरार्ड ३०१ सारख्यांचें. इंग्लंडांतील स्विंडन येथें झालेल्या ह्या यंत्रांत मोटर रबरी चाकाच्या द्वारें तबकाला फिरविते, तेव्हां मोटरची घरघर जवळच असते. येथें पायांहून अधिक उपयोग होतो तो जड आणि घट्ट लांकडी पेटीचा.

आतां पुन्हां त्या माडीवरच्या घराकडे वळावें. समजा, आजोबांचें यंत्र पहिल्या कुळांतलें आहे आणि त्यांनीं ऐकीव माहितीवर महाग, अतिमऊ स्प्रिंगचे पाय आणून बसविले. स्पीकरचा हुंकार गेला, खर्ज स्वच्छ झाला, रस्त्यावरील मोटारींची घरघर थांबली. पण नात आली कीं सुई पूर्वींपेक्षां अधिक उडूं लागली! हें कां झालें? माणूस चालतें तें सेकंदास सुमारें दोन पावलांनीं, आणि लांकडी जमीन त्या तालावर अवघीच्या अवघी खालींवर होते. एवढ्या सावकाश हालचालीला पांच कंपनांचे पाय अडवूं शकत नाहींत. उलट प्रत्येक पावलाच्या धक्क्यानें यंत्र होडीसारखें डोलत राहतें. बाजारांतील कोणतेही पाय डोलत्या जमिनीवरचा हा दोष पुरता घालवूं शकत नाहींत. जेथें जमीन सिमेंटची आणि घट्ट आहे, तेथें मऊ पाय वरदान. जेथें ती लांकडाची आणि लवचिक आहे, तेथें तेच पाय शाप ठरूं शकतात.

अशा घरचा उपाय पायांत नसून भिंतींत आहे. माडीची जमीन हलते, पण जाड बाह्य भिंत त्या मानानें स्थिर असते. तिच्यांत गिट्ट्या बसवून दोन मजबूत लोखंडी ब्रॅकेटें ठोकावीं, त्यांवर ताठ फळी घालावी आणि यंत्र तिच्यावर ठेवावें. भिंत फळ्यांच्या आडोशाची नसावी, ज्या भिंतीला स्पीकर लागून आहेत ती नसावी, आणि यंत्राच्या वजनाच्या निदान दुप्पट भार ब्रॅकेटांनीं पेलावा. हें झाल्यावर यंत्राचे मूळचे पाय धड असतील तर तेच पुरतात. कडक झाले असतील तर त्याच जातीचे नवे घालावे. कपाट हलविणें, स्पीकर दुसऱ्या फळीवर नेणें, वाजवितांना झांकण काढून पाहणें, हे उपाय फुकटचे आहेत. ते करून पाहिल्याखेरीज खिशांत हात घालूं नये.

पाय बदलावयाचेच ठरलें, तर पुढील गोष्टी सांभाळाव्या. विजेचा प्लग काढावा. तबकडी, फिरतें तबक आणि कार्ट्रिज उतरून ठेवावें. दांडा त्याच्या आंकड्यांत बांधावा. मगच यंत्र मऊ गादीवर आडवें करावें. जुना पाय सोडवून त्याच्या स्क्रूची जाडी, आटे आणि लांबी मोजावी. नवा पाय बोटानें सहज फिरला पाहिजे. जोर लावावा लागला, तर आटे जुळत नाहींत असें समजून थांबावें. लांब स्क्रू आंतल्या तारांना लागतो, हेंही पाहावें. यंत्राचा भार चारी पायांवर सारखा नसतो. स्वयंपाकघरांतील वजनकांटा एका पायाखालीं आणि तेवढ्याच उंचीचे ठोकळे बाकीच्या तिघांखालीं ठेवून प्रत्येकाचा भार पाहावा, आणि जड बाजूस अधिक ताठ पाय द्यावा. सर्वांनीं जवळजवळ सारखेंच दबावें हा नियम. शेवटीं फिरत्या तबकावर पाणसळ ठेवून यंत्र समतल करावें. तारा सैल सोडाव्या, कारण ताणलेली जाड तार ही पायांना चुकवून आंत शिरणारी कंपनाची चोरवाट असते. जुने पाय फेंकून न देतां चिठ्ठी लावून डबींत ठेवावे.

ह्या साऱ्याचें फळ काय? खर्च केलेल्या रुपयांची मोजदाद टिचकीच्या परीक्षेनें करतां येईल. परंतु त्या माडीवरच्या घरीं परीक्षा निराळी आहे. सायंकाळची वेळ आहे, भिंतीवरच्या फळीवर तबकडी फिरत आहे, नात धांवत येते, फळ्या नेहमींप्रमाणें हादरतात, आणि गाणें आपल्या समेवर येतें. आजोबा कांहीं बोलत नाहींत. मुलगी त्यांच्याशेजारीं जाऊन बसते. यंत्राला पाय द्यावयाचे ते ह्यासाठीं, कीं घरांतल्या माणसांना आपल्या पायांवर मोकळेपणानें चालतां यावें.